हवा बदलली खरी, पण कारण नेमकं कुणाच्या दारात? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी)

तांबडी माती | ८ जून २०२५, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्या शिवारात धूळवाफ पेरणी साधली नाही. वळवाचे दोन-तीन पाऊस व्हावेत, मग आठवडाभर कडक ऊन पडावं, ढेकळं भुसभुशीत व्हावीत आणि रोहिणीत कोरड्या मातीत कुरीनं भात टाकावं, ही खानापूर-बेळगाव पट्ट्याची जुनी रीत. यंदा अर्धा मे सरला आणि पाऊस जो लागला तो उघडायलाच तयार नाही. २४ मेला मान्सून केरळात पोचला. २००९ नंतर तो इतक्या लवकर आला नव्हता. चिखलात कुरी चालत नाही. आता तरवा टाकून रोपलावण करायची, म्हणजे मजुरी वाढली आणि दिवसही मागं पडले.

दोनच वर्षांपूर्वी याच्या अगदी उलट झालं होतं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला आणि कर्नाटकात २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले. आमचं भात पोटरीत येऊन करपलं. त्याच्या चार वर्षं आधी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ओढ्यानं बांधच नेला होता.

मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी यावर बोलणं होतं. कुणी म्हणतं हायवेला झाडं तोडली म्हणून. कुणी उद्यमबागेतल्या फौंड्र्यांचा, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांचा, धूर दाखवतं. कुणी म्हणतं पूर्वीपण असंच होतं, आपणच विसरलो. गेले काही महिने मी यावर मिळेल ते वाचतोय, आणि माझं मत असं झालंय की आपण वेगवेगळी दुखणी एकाच पोत्यात भरतोय. सगळ्या पृथ्वीची हवा तापते त्याचं कारण वेगळं. बेळगाव शहरात पूर्वीपेक्षा उकाडा जास्त होतो त्याला झाडं गेल्याचं आणखी एक कारण येऊन मिळालंय. आणि पाऊस पडल्यावर पाणी घरात शिरतं, त्यामागे बऱ्याचदा तिसरंच काहीतरी असतं. कारण चुकलं की औषध चुकतं, म्हणून हा धागा.

पहिल्या कारणाबद्दल मला जे समजलं ते लिहितो. पौषात मसुराच्या रानात राखणीला बसलेल्याला एक गोष्ट माहीत असते. आभाळ निरभ्र असलं की पहाटे हुडहुडी भरते, पानावर दव जमतं. आभाळ भरून आलं की तीच रात्र उबदार जाते. दिवसा तापलेली जमीन रात्रभर उष्णता वर सोडत असते आणि ढग व बाष्प तिचा काही भाग परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड हेच काम करतो, फरक इतकाच की तो डोळ्यांना दिसत नाही. हे वायू हवेत मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश राहिलं असतं. आज ते १५ च्या आसपास आहे. म्हणजे वायू वाईट नाही, त्याचं प्रमाण बिघडलं हे वाईट.

आणि हे काल-परवाचं शास्त्र नाही. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून पाहिलं की कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी जास्त तापते. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी लंडनच्या प्रयोगशाळेत हे वायू उष्णता कशी अडवतात ते मोजलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित हातानं मांडलं. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ होता. आज ४२० च्या वर गेलाय. वाढ कोळसा, तेल आणि गॅस जाळल्यानं झाली. जंगलतोड आणि सिमेंटचाही वाटा आहे.

आपापल्या गावचं काय दिसतं ते लिहा. मी चुकत असेन तर सांगा.

जांबोटीकर | ८ जून, रात्री १०:३५

चांगला धागा. पण झाडांचं कारण तुम्ही एका ओळीत संपवलंत, ते पटलं नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथून भीमगडपर्यंतचं रान मी लहानपणापासून बघतोय. जिथं रान शाबूत आहे तिथले झरे मार्चपर्यंत वाहतात. जिथं विरळ झालं तिथं जानेवारीतच खडक उघडे पडतात. रस्ता रुंद करताना जी मोठी झाडं गेली, त्यांच्या सावलीतून सायकलनं शाळेला गेलोय मी. आता त्याच रस्त्यानं एप्रिलमध्ये दुपारी चालवत नाही.

तांबडी माती | ८ जून, रात्री ११:०५

तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरं, आणि मी ते कमी लेखत नाही. झाड मुळातून पाणी ओढून पानांतून हवेत सोडतं, त्यानं भोवतालची हवा थंड राहते. मुळं पावसाचं पाणी धरून ठेवतात, म्हणून झरा टिकतो. हा परिणाम गावापुरता, खोऱ्यापुरता असतो, पण मोठा असतो. जगाच्या हवेचा हिशेब मांडला तर मात्र माणसानं दरवर्षी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातले बदल यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास येतो. बाकीचा बहुतेक सगळा जमिनीतून उपसून जाळलेल्या इंधनाचा. म्हणजे भीमगडचं सगळं रान वाचवलं तरी कोळसा जळत राहिला तर पृथ्वी तापणारच. आणि कोळसा उद्या बंद झाला तरी रान तोडलं तर तुमचा झरा आटणारच. दोन्हीसाठी भांडायला हवं, एकाच्या बदल्यात दुसरं सोडायचं नाही.

जुनी सुगी | ९ जून, सकाळी ७:१०

मी शहापूर भागातला शेतकरी, वय ७६. नातवाच्या मोबाईलवर लिहूलालोय, चुका संभाळून घ्या.

तुमचं वाचन चांगलं आहे, पण मला एक सांगा. दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ ला सुरू झाला आणि बारा वर्षं चालला म्हणतात. तेव्हा कुठला कोळसा अन् कुठली मोटार? १८७६ ते ७८ चा दुष्काळ तर बेळगाव, धारवाड, विजापूर भागानं भोगलेला, माझ्या पणजोबांच्या तोंडच्या गोष्टी आमच्या घरात होत्या. ७२ साली विहिरींनी तळ गाठलेला मी स्वतः बघितलाय. निसर्ग आपल्या चालीनं चालतो. माणसाची एवढी ताकद हाय काय, की आभाळ बदलावं?

टिळकवाडीची बाई | ९ जून, दुपारी ४:२०

काका, नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवते. तुम्ही विचारलंत तोच प्रश्न माझी नववीतली मुलं विचारतात, आणि तो टाळण्यासारखा नाही.

दुष्काळ पूर्वीही पडत होते हे खरं. १८७७-७८ मध्ये प्रशांत महासागरात जबर एल निनो होता, म्हणजे विषुववृत्ताजवळचं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं. तसं झालं की आपला पाऊस बहुधा ओढ देतो. २०२३ लाही एल निनो होताच. हा खेळ दोन ते सात वर्षांनी होतो, येतो आणि जातो. प्रश्न असा की येण्या-जाण्याच्या या लाटांखाली पाण्याची पातळीच, म्हणजे पृथ्वीचं सरासरी तापमान, वर चढते आहे का? मोजणी सांगते की चढते आहे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी १८५०-१९०० च्या मानानं सरासरी १.१ अंश तापलेली होती, आणि २०२४ हे वर्ष दीड अंशाच्याही वर गेलं.

मग हे निसर्गानं केलं की माणसानं? इथं शास्त्रज्ञ चोराच्या पाऊलखुणा शोधतात तसं काम झालंय, आणि मला शिकवायला सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

पहिला संशय सूर्यावर. १९७८ पासून उपग्रह सूर्याची उष्णता थेट मोजतात. अकरा वर्षांच्या चक्रात ती हजारात एक भाग कमी-जास्त होते, पण एकूण वाढलेली नाही. शिवाय सूर्य कारण असता तर हवेचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापलाय आणि खूप उंचावरचा थर, ज्याला आपण स्थितांबर म्हणतो, तो थंड झालाय. उष्णता खालीच अडते आहे याची ही खूण. तांबडी माती यांनी ढगाळ रात्रीचं उदाहरण दिलं, त्याच्याशी जुळणारी आणखी एक खूण म्हणजे जगातल्या बऱ्याच भागांत दिवसापेक्षा रात्री जास्त वेगानं तापल्या आहेत.

दुसरा संशय ज्वालामुखींवर. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणूस सोडतो त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरतो.

आणि तिसरी खूण तर थेट कार्बनच्या अंगावरच असते. कार्बनचे अणू सगळे सारखे नसतात. झाडं आणि समुद्रातलं शेवाळ हलका कार्बन जास्त घेतात, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या कोळशात आणि दगडी तेलात जड कार्बन कमी असतो. शिवाय जिवंत झाडात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात तो औषधालाही उरत नाही. आता हवेत वाढलेला कार्बन तपासला तर त्याच्यावर याच जुन्या, जमिनीतल्या कार्बनची छाप आहे. हवेतला ऑक्सिजनही त्याच हिशेबानं किंचित घटतोय, म्हणजे काहीतरी जळतंय.

काका, ‘माणसाची ताकद’ म्हणालात म्हणून एक आकडा देते. आपण सगळे मिळून वर्षाला ३,७०० कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड फक्त इंधन जाळून सोडतो. अंटार्क्टिकाच्या बर्फात आठ लाख वर्षांची हवा बुडबुड्यांत अडकून राहिली आहे. त्या सगळ्या काळात हिमयुगं आली-गेली, तरी हा वायू दहा लाखांत १८० ते ३०० भाग यांच्यातच राहिला. हिमयुगं पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या बदलांनी येतात, पण त्याला हजारो वर्षं लागतात. आत्ताची उडी दीडशे वर्षांतली आहे.

जुनी सुगी | ९ जून, संध्याकाळी ७:४५

पोरी, नीट सांगितलंस. बर्फातल्या हवेचं आजवर कुणी सांगितलं न्हवतं. पटायला थोडा वेळ लागेल, पण ऐकलं.

भट्टीपाशी | ९ जून, रात्री १०:१५

उद्यमबागेच्या धुराचं नाव निघालं म्हणून लिहितोय. माझी छोटी फौंड्री आहे, वडिलांनी सुरू केलेली. बेळगावच्या शेकडो घरांची चूल या कास्टिंगवर चालते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी दोन्हीकडून जिव्हाळ्याचा आहे.

आमच्याकडे आधी क्युपोला, म्हणजे कोकवर चालणारी उभी भट्टी, होती. एक टन लोखंड वितळवायला सव्वाशे-दीडशे किलो कोक जायचा. कोक म्हणजे जवळजवळ सगळा कार्बनच. एक किलो कार्बन जळला की साडेतीन किलोंहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो. पेट्रोलचंही तसंच. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोही नसतं, पण ते जळून २.३ किलो वायू निघतो. हे गणित मला पहिल्यांदा कुणी समजावलं तेव्हा मी दोनदा तपासून पाहिलं होतं. तर क्युपोलात एका टनामागे कोकचाच चारशे-साडेचारशे किलो वायू व्हायचा.

मग आम्ही कर्ज काढून विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस घेतली. धूर गेला, कामगारांचा खोकला कमी झाला, शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडायची बंद झाली. मला वाटलं, आपण सुटलो. पण इंडक्शनला टनामागे सहाशेच्या पुढं युनिट लागतात. देशाच्या जाळ्यातली वीज एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅम वायू सोडते. गुणाकार करा, परत चारशेच्या पुढंच येतं. धूर माझ्या आवारातून गेला, वायू मात्र कुडगी आणि रायचूरच्या कोळशाच्या वीजकेंद्रांच्या चिमणीतून निघू लागला. जोवर तारेतली वीज कोळशाची आहे तोवर माझी भट्टी बदलून हवेचा हिशेब फारसा बदलत नाही. ज्या दिवशी वीज उन्हाची, वाऱ्याची, पाण्याची होईल त्या दिवशी हीच भट्टी आपोआप स्वच्छ होईल, क्युपोला मात्र कधीच झाली नसती. म्हणून घेतलेल्या कर्जाचा मला पश्चात्ताप नाही. आपल्याच जिल्ह्यात गोकाकच्या धबधब्यावर १८८७ साली पाण्यापासून वीज काढली होती, हे मी कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला सांगतो.

टिळकवाडीची बाई | १० जून, सकाळी ८:०५

हे मी वर्गात सांगणार आहे, परवानगी गृहीत धरते. एक भर घालते. जो काळा धूर दिसतो आणि जो वायू दिसत नाही त्यांचं काम वेगळं आहे. कोळशाच्या धुरातल्या गंधकाचे बारीक कण सूर्यप्रकाश परत फेकतात, म्हणजे थोडा थंडावाच देतात. काजळी उलट उष्णता शोषते. हे सगळे कण काही दिवसांत पावसाबरोबर खाली येतात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं वर राहतो. धूर फुप्फुसांसाठी घातक आहे, तो थांबवायलाच हवा. पण धूर दिसेनासा झाला म्हणून तापणं थांबलं असं समजू नये.

वेदगंगा | १० जून, दुपारी १:३०

निपाणी भागातून. आमच्याकडे तंबाखू कमी होत गेला आणि ऊस वाढला. तोड झाली की पाचट पेटवायचं, रात्री सगळा शिवार लाल दिसतो. यानं हवामान बदलतं का? गावात एक जण म्हणतो हेच मुख्य कारण, दुसरा म्हणतो काही फरक पडत नाही.

तांबडी माती | १० जून, रात्री ९:२०

वेदगंगा, यावर मी बराच विचार केलाय, कारण आम्हीही भाताचं पिंजर सोडून बाकीचं पेटवतो.

पाचटातला कार्बन उसानं गेल्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. जाळला की परत हवेत गेला, पुढच्या वर्षी नवा ऊस तो पुन्हा घेतो. कारखान्यात चिपाड जाळून वीज करतात तेही याच फिरत्या हिशेबातलं. कोळशाचं तसं नाही. तो कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत पुरला गेला होता, हवेच्या हिशेबातून केव्हाच वजा झालेला. तो वर आणून जाळला की हवेत भर पडते ती कायमची. आपल्या सावकारी भाषेत सांगायचं तर पाचट म्हणजे हातउसनं, आणि कोळसा म्हणजे दरवर्षी वाढत जाणारं मुद्दल. म्हणून पाचट हे मुख्य कारण नाही.

तरीही ते जाळू नये असंच मी म्हणेन. जळताना थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड निघतो, काजळी निघते, आणि जमिनीचा कस जातो. मग कस भरून काढायला आपण युरिया ओततो, आणि खरी गोम तिथं आहे. दिलेल्या नत्रातलं निम्मंसुद्धा बहुधा पिकाला लागत नाही. आणि दिलेल्या एकूण नत्रातला साधारण एक टक्का जंतूंच्या कामातून नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो. एक टक्का ऐकायला काहीच नाही, पण हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात साधारण पावणेएकवीस किलो नत्र असतं. त्याचा हिशेब केला तर एका पोत्यामागे ८५ ते ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापणं होतं, म्हणजे ३८ लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. युरिया बनवायला जो नैसर्गिक गॅस लागतो तो यात धरलेलाच नाही. उसाला आपण एकरी किती पोती टाकतो ते ज्यानं त्यानं मनाशी मोजावं. पाचट सरीत कुजवलं तर यातली काही पोती वाचतात, हे आमच्या शेजारच्या बांधावर मी पाहिलंय.

भातात प्रश्न वेगळा आहे. सतत पाणी भरून ठेवलेल्या चिखलात हवा पोचत नाही, तिथले जंतू मिथेन तयार करतात. गुरांच्या पोटातही तेच होतं. मिथेन दहा-बारा वर्षांत संपतो, पण आहे तोवर फार जोरदार असतो, वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट. मधूनमधून पाणी काढून वाफा सुकू दिला तर मिथेन बराच घटतो. आपली धूळवाफ पद्धत या बाबतीत उजवी म्हणायला हवी, कारण सुरुवातीचे कित्येक दिवस वाफ्यात पाणी साचलेलं नसतं. आणि नेमकी तीच पेरणी यंदा पावसानं हातची घालवली, याचं मला फार वाईट वाटतं.

वेदगंगा | १० जून, रात्री ९:५५

युरियाचा हिशेब वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी परत एकदा वाचायला लावला.

येळ्ळूर शिवार | ११ जून, सकाळी ६:५०

सगळं वाचलं. शास्त्र खरं असेल, त्यावर माझा वाद नाही. पण मला या ‘हवामान बदल’ शब्दाचाच राग यायला लागलाय.

आमचं भात बळ्ळारी नाल्याकाठी. जोराचा पाऊस लागला की शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारात पाणी घुसतं आणि चार-चार दिवस उतरत नाही. बासमतीची रोपं कुजतात, दुबार लावण करावी लागते. नाला गाळानं भरलाय, दोन्ही बाजूंनी आत आत सरकलेत लोक, शहराचं सांडपाणी त्यातच, जलपर्णी माजलीय. नाला साफ करा म्हणून आम्ही एका कार्यालयाचे किती उंबरे झिजवले. गेल्या वेळी तिथल्या साहेबांनी आम्हाला काय सांगावं? ‘हे ग्लोबल वॉर्मिंग आहे, जगात सगळीकडे चाललंय, आम्ही काय करणार?’ म्हणजे आता गाळ काढायचं कामपण अमेरिकेनं करायचं की काय? आमच्या डोळ्यासमोर नाला अरुंद झाला, आणि हे लोक आभाळाकडं बोट दाखवूलालेत. तुम्ही शिकलेली माणसं आभाळाची कारणं जेवढी पटवून द्याल तेवढं त्यांचं फावणार.

तांबडी माती | ११ जून, दुपारी २:१०

दादा, तुमचा राग रास्त आहे, आणि हा धागा मी काढला त्याचं निम्मं कारण हेच. हवा तापल्यानं जोराचा पाऊस वाढतो, हे खरं. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा जास्त कोसळतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणारे अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनं वाढले, अरबी समुद्रावरून येणारं बाष्प त्यामागे आहे. पण म्हणूनच नाला जास्त रुंद आणि मोकळा हवा. पाऊस वाढणार हे माहीत असताना नाला अरुंद होऊ देणं ही दुप्पट चूक आहे. ‘ग्लोबल वॉर्मिंग’ हे गाळ न काढण्याचं कारण होऊच शकत नाही, ते गाळ लवकर काढण्याचं कारण आहे. पुढच्या अर्जात हे वाक्य जसंच्या तसं घाला.

कृष्णाकाठची लेक | ११ जून, रात्री ८:४०

चिकोडी तालुक्यातून, मांजरी-अंकलीच्या बाजूची. आमच्याकडे पूर म्हणजे २००५, २०१९, २०२१. दरवर्षी पावसाळ्यात कल्लोळ-येडूरचा पूल पाण्याखाली जातो ते वेगळंच, त्याची सवय झालीय. २०१९ ला मात्र आम्ही गुरं घेऊन निघालो तेव्हा सासूबाई उंबऱ्याला धरून बसल्या होत्या, त्यांना उचलून ट्रॅक्टरवर ठेवावं लागलं.

पूर आला की सांगली-कोल्हापूरचे लोक अलमट्टीकडं बोट दाखवतात आणि आमच्याकडचे कोयनेकडं. दोन्ही राज्यांतले पुढारी टीव्हीवर तावातावानं बोलतात, आणि आम्ही छावणीत बसून ते ऐकतो. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, दोन राज्यांनी एकमेकांना किती आधी कळवायचं, हा माणसांच्या हातातला भाग आहे. घाटावर चार दिवसांत एवढा पाऊस का पडला, तो वेगळा. आम्हाला दोन्हींची उत्तरं हवीत. या धाग्यात पहिल्यांदा कुणीतरी ती वेगळी केलेली वाचली.

पुण्यात, मूळ खानापूर | ११ जून, रात्री ११:३०

एक राहून जातंय. केलं कुणी आणि भरतंय कोण? भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. आजवर जगानं इंधनातून जेवढा सोडला त्यातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-चार टक्के. खानापूरच्या शेतमजुराचा तर नावालाही नाही. युरियाच्या पोत्याचा हिशेब त्यांच्यापुढं मांडताना हेही सांगा, नाहीतर शेतकऱ्याच्याच माथी पाप यायचं.

तांबडी माती | १२ जून, सकाळी ६:३०

बरोबर, सांगायलाच हवं होतं. फक्त एक जोडतो: एकूण आकड्यात आज आपला देश चीन आणि अमेरिकेच्या मागोमाग तिसरा आहे. आणि ती दोन टनांची सरासरी शेतमजूर व गाड्यांवर गाड्या घेणारा दोघांना एकत्र करून काढलेली आहे. युरियाबद्दल मी लिहिलं ते पाप म्हणून नव्हे, खर्च म्हणून. पोतं वाचलं तर पैसे आपलेच वाचतात.

जुनी सुगी | १२ जून, सकाळी ९:१५

येळ्ळूरच्या दादांचं वाचून एक आठवलं. माझं रान पण नाल्याकडंचंच. मी १९७४ पासून दरवर्षीच्या पंचांगात कडेला पेन्सिलीनं लिहीत आलोय. पहिला वळीव कधी, पेरणी कधी, लावण कधी. आणि नाल्याचं पाणी बांधावर चढलं की ती तारीख, उतरलं की ती तारीख. एक-दोन वर्षांची पंचांगं वाळवीनं खाल्ली, बाकी सगळी ट्रंकेत आहेत. याचा कुणाला काही उपयोग हाय काय?

टिळकवाडीची बाई | १२ जून, सकाळी ९:४०

काका! फार मोठा उपयोग आहे. तुमच्या तारखा घ्यायच्या आणि त्याच दिवसांची बेळगावच्या सरकारी पर्जन्यमापकाची नोंद शेजारी मांडायची. पूर्वी जेवढ्या पावसाला पाणी बांधावर चढायचं, त्याहून कमी पावसात आता चढत असेल तर दोष नाल्याचा. तेवढ्याच पावसाला चढत असेल, पण तसे पाऊस जास्त वेळा पडत असतील, तर दोष आभाळाचा. दोन्ही असेल तर किती कुणाचा तेही दिसेल.

येळ्ळूर शिवार | १२ जून, सकाळी १०:०५

मामा, तुमचा पत्ता कळवा, मी गाडी घेऊन येतो. अर्जाबरोबर हे जोडायचं.

टिळकवाडीची बाई | १२ जून, सकाळी १०:२०

रविवारी सकाळी नऊ वाजता मीही येते, तीन-चार मुलं बरोबर असतील, पानापानाचे फोटो काढतील. काका, पंचांगं उन्हात घालू नका, पेन्सिल उडेल. ओल लागली असेल तर पंख्याखाली उघडून ठेवा.

जुनी सुगी | १२ जून, दुपारी १२:३०

ट्रंक उघडली. ७४ चं मिळालं. ओल नाही.